इमारतींना लाइन क्लिअर कोण देतो?



रेल्वेत लागलेल्या माणसाला सुरुवातीलाच एक धडा मिळतो. पुढचा ब्लॉक सेक्शन मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर द्यायचे नाही. गाडीत मंत्री बसलेला असो की जनरल मॅनेजर, गाडी दोन तास लेट असो की चार तास, नाही म्हणजे नाही. स्टेशन मास्तरने यात कसूर केली तर आधी सस्पेन्शन आणि मग एसएफ-५ चे चार्जशीट. नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. आमच्या पोस्टातल्या भावांचीही तीच गत. काउंटरवर संध्याकाळी रोकड थोडी कमी भरली तर खिशातून भरायची आणि वर रूल १६ ची नोटीस घ्यायची.

पण या देशात एक खाते असे आहे, की ते पुढचे काहीही न बघता रोज लाइन क्लिअर देत असते. पाणी नाही, तरी दिले. गटार नाही, तरी दिले. शाळा, दवाखाना, मैदान नाही, तरी दिले. लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरीही वीस मजली चार टॉवरला दिलेच. या खात्याचे नाव नगररचना विभाग. तो तुमच्या-आमच्या नगरपालिकेत नाहीतर महानगरपालिकेत बसतो. तिथल्या सहीने माणसे मरतात, पण तिथल्या साहेबाला चार्जशीट मिळाल्याचे आपण क्वचितच ऐकतो.

या विषयावर मासिकात का लिहायचे, असे काही जण विचारतील. पगार, बोनस, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण हे प्रश्न काय कमी आहेत? कमी नाहीतच. पण हिशेब करून बघा. ज्याच्या पगाराचा मोठा हप्ता घराच्या कर्जात जातो, ज्याचे रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात आणि निवृत्तीनंतर मिळालेला फंड आणि ग्रॅच्युइटी ज्या घरात गाडली जाते ते घर उद्या उभे राहील की नाही याचीच खात्री नसते, त्याच्यासाठी घराची परवानगी हा पगाराइतकाच मोठा प्रश्न आहे. वेतन आयोगाने दिलेले नगररचना विभाग काढून घेऊ शकतो. म्हणून हा विषय आपला आहे.

साठ दिवस आणि चौदा वर्षे

महाराष्ट्रात शहरे कशी वाढावीत हे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम ठरवतो. आपले बरेच सभासद महाराष्ट्राबाहेर नोकरी करतात. भोपाळ-इटारसीकडच्यांसाठी मध्य प्रदेशचा १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. गुजरातेत १९७६ चा आणि कर्नाटकात १९६१ चा कायदा आहे. नावे वेगळी असली तरी रीत साधारण एकच. सरकार किंवा पालिका विकास आराखडा करते. त्यात रस्ते, मैदाने, शाळा, दवाखाने यांच्यासाठी जमिनीवर आरक्षणे टाकली जातात. मग त्या आराखड्याला धरून एकेका इमारतीला परवानगी मिळते.

आता महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ४५ बघा. बांधकामाचा अर्ज आल्यावर साठ दिवसांत पालिकेने निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे समजले जाते. अर्जदाराला तिष्ठत ठेवू नये हा हेतू वाईट नाही. पण दुसऱ्या बाजूला काय आहे? ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन २००८ साली मंजूर झाली आणि तिच्यावरून गाड्या धावू लागल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. म्हणजे चौदा वर्षे लागली. त्या चौदा वर्षांत दिवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात किती मजले चढले, हे त्या मार्गावर ड्युटी करणाऱ्या मोटरमन आणि गार्डला विचारा. इमारतीला साठ दिवस आणि रुळाला चौदा वर्षे, असे गणित मांडल्यावर उत्तर काय येणार? ते उत्तर रोज सकाळी आठच्या लोकलच्या दारात लोंबकळताना दिसते.

मुंबई उपनगरीय रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधून खाली पडले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी मध्य रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. रेल्वे कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. कोणाची चूक किती, ते चौकशीत आणि न्यायालयात ठरेल. पण आमचा सवाल सरळ आहे. रुळाची देखभाल करणारा आरोपी होऊ शकतो, तर ज्यांनी या एका मार्गावर इतकी माणसे आणून ओतली त्यांची साधी चौकशीही का होऊ नये? त्या परवानग्यांच्या फायली कोणी मागवल्या आहेत काय? गाडीची क्षमता किती आणि आम्ही प्रवासी किती वाढवतो आहोत, असा प्रश्न परवानगीच्या कोणत्या कागदावर विचारला गेला?

पालिकेने करायचे ते न्यायालयाला करावे लागले

ही काही आमची एकट्याची रड नाही. न्यायालयांनाही हे दिसले आहे. कल्याण-डोंबिवलीत कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची धड व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये हीच पाळी मुंबईवर आली. देवनार आणि मुलुंडची कचराभूमी भरून ओसंडत होती आणि पालिका परवानग्या देतच होती. ती बंदी मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शिथिल केली. मे २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पाण्याच्या टंचाईवरून उच्च न्यायालयाला नव्या परवानग्या रोखाव्या लागल्या.

तीन शहरे आणि तीन आदेश झाले. कारणे दोनच होती, कचरा आणि पाणी. घर बांधण्याआधी आमची आजीसुद्धा विचारायची की विहीर कुठे आहे आणि सांडपाणी कुठे जाणार. तेवढे विचारायला इंजिनिअर असलेल्या खात्याला उच्च न्यायालय लागते. न्यायालयाने रोखले की तात्पुरता कागद रंगवायचा, हमीपत्र द्यायचे आणि बंदी उठली की मागील पानावरून पुढे सुरू. हा सगळा प्रकार वरातीमागून घोडे असा आहे.

पालिका असे का करते?

याला भ्रष्टाचार हे एक उत्तर आहेच. त्याबद्दल पुढे बोलूच. पण केवळ चोर अधिकारी पकडले की प्रश्न सुटेल अशा भ्रमात राहू नका. मूळ कारण पालिकेच्या तिजोरीत आहे.

पूर्वी महापालिकांना जकात मिळायची. जकात गेली, एलबीटी आला. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला आणि २०१७ साली जीएसटी आला. आता पालिका भरपाईसाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघते. स्वतःचे म्हणून हातात उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकामातून मिळणारे पैसे. त्या पैशात विकास शुल्क आले आणि जादा चटईक्षेत्राचा प्रीमियम आला. चटईक्षेत्र म्हणजे एफएसआय, जमिनीच्या मानाने किती बांधता येईल त्याचे प्रमाण. हे प्रमाण मुळात शहरावर किती भार टाकायचा याचे माप होते. आता ते विक्रीचा माल झाले आहे. दुकानदाराने आपल्याच गिऱ्हाइकाला 'जास्त घेऊ नका, पोट बिघडेल' असे सांगितलेले तुम्ही कधी ऐकले आहे काय? पालिका चटईक्षेत्राची दुकानदार झाली आहे. तिच्याकडून चौकीदारीची अपेक्षा कशी करायची?

त्यातही उदारपणा कोणासाठी, ते बघा. कोरोनाच्या काळात केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता अठरा महिने गोठवला गेला. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते होते आणि त्यांची थकबाकी आजवर मिळालेली नाही. त्याच संकटाचे कारण सांगून महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली, ती वर्षअखेरपर्यंत. ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे अशी अट घातली होती हे खरे. पण संकटात कोणाचा खिसा कापायचा आणि कोणाचा भरायचा, याचे सरकारी शहाणपण यावरून कळते.

नियमातल्या एका शब्दाची किंमत किती असते, हे गिरणी कामगारांना विचारा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या धडाधड बंद पडू लागल्या. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली राज्य सरकारने त्यात बदल केला. वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीची शेड जिथे उभी आहे ती जमीन हिशेबातून बाहेर गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. लालबाग-परळमध्ये आज टॉवर आहेत, मॉल आहेत. गिरणी कामगार मात्र लॉटरीत नंबर लागेल म्हणून म्हातारपणी अर्ज घेऊन फिरतो आहे. अधिसूचनेतला एक शब्द बदलला आणि एका पिढीची घरे गेली. त्या शब्दावर हरकत घ्यायला आपण तेव्हा किती जण गेलो होतो?

कागदावरची इमारत आणि खालची जमीन

ज्या इमारतींना परवानगी असते त्यांची ही कथा. ज्यांना परवानगीच नाही त्यांची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे.

कल्याण-डोंबिवलीतील बेकायदा बांधकामांची चौकशी करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अग्यार समिती नेमली गेली. तिने २००९ साली अहवाल दिला आणि सुमारे ६८ हजार बेकायदा बांधकामांची नोंद केली. ६८ हजार बांधकामे रात्रीतून उगवत नाहीत. वाळूचा ट्रक येतो, सळई येते, स्लॅब पडतो, वीज मीटर लागतो, नळ जोडला जातो, मालमत्ता कराचे बिलही निघते. पोस्टमनला तिसऱ्या मजल्यावरचे टपाल द्यायला जाताना जी इमारत दिसते, ती वॉर्ड ऑफिसरला दिसत नाही. हा आंधळेपणा औषधाने बरा होणारा नव्हे, कारण तो पगाराशिवायच्या कमाईवर पोसला जातो.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे अशीच एक बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण ठार झाले. बांधणारे मजूरही त्यात होते आणि त्यांची मुलेही. त्यानंतर 'आता असे होणार नाही' असे सांगितले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जण गेले. अवघ्या तेरा वर्षांपूर्वीची ती इमारत होती आणि तीही बेकायदा.

नालासोपाऱ्याचे प्रकरण अजून ताजे आहे. विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. घरे विकली गेली, माणसे राहू लागली, मुले शाळेत जाऊ लागली. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला सगळ्या जमीनदोस्त झाल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने याच प्रकरणात महापालिकेच्या नगररचना विभागातील अधिकाऱ्याच्या घरी धाड घातली आणि कोट्यवधींची रोकड व दागिने जप्त केल्याचे जाहीर केले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण घर पाडून झाले ते फक्त राहणाऱ्याचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

डोंबिवलीत त्याहून मोठी शक्कल लढवली गेली. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार केल्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली. ६५ इमारतींचा हा प्रकार २०२२ साली उघडकीस आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अनधिकृत ठरलेल्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी घरे घेतली त्यांनी महारेराचा नंबर बघितला होता, बँकेने कर्ज दिले होते, सरकारने मुद्रांक शुल्क घेऊन दस्त नोंदवला होता. म्हणजे सरकारच्या तीन खिडक्यांनी पैसे मोजून घेतले आणि खरे-खोटे तपासायची जबाबदारी मात्र खरेदीदारावर टाकली.

आमच्या शाखेतल्या एका निवृत्त गँगमनने चौतीस वर्षे रूळ सांभाळले. फंडाच्या पैशातून त्याने एक खोली घेतली. इमारतीला नोटीस लागल्यावर तो कागदांची पिशवी घेऊन युनियन ऑफिसात आला. सगळ्या कागदांवर शिक्के होते. एकही शिक्का कामाचा नव्हता. अशा माणसाला 'तू नीट चौकशी का केली नाहीस' असे विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की चौकशी करणे हेच ज्यांचे काम आहे आणि ज्याचा त्यांना पगार मिळतो, ते काय करत होते?

'गरिबाला स्वस्त घर तिथेच मिळते'

काही पुढारी बेकायदा इमारतींची बाजू घेताना म्हणतात, 'गरिबाला परवडणारे घर दुसरीकडे कुठे आहे?' यात अर्धे सत्य आहे म्हणून ते जास्त धोकादायक आहे. गरीब माणूस हौसेने बेकायदा इमारतीत जात नाही. कायदेशीर घर त्याच्या आवाक्यात ठेवलेले नसते म्हणून जातो. मग ते आवाक्यात ठेवण्याची तरतूद आहे की नाही? आहे. नोव्हेंबर २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के हिस्सा अल्प उत्पन्न आणि दुर्बल गटातील लोकांच्या लहान घरांसाठी ठेवायचा नियम आहे. ही घरे म्हाडामार्फत द्यायची आहेत. आता या नियमातून सुटायला काय करतात? भूखंडाचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा ४,००० च्या आत बसवला की गरिबाचा हिस्सा गायब. नाशिकमध्ये या घरांचा प्रश्न २०२२ साली विधान परिषदेत गाजला. तुकडे पाडण्याच्या नकाशावर सही कोणाची लागते? पुन्हा त्याच नगररचना विभागाची.

म्हणून पुढाऱ्यांनो, गरिबाचा एवढाच कळवळा असेल तर त्या २० टक्क्यांचा हिशेब द्या. मोठ्या भूखंडावर गरिबाचा हिस्सा गिळायला मदत करायची आणि मग त्यालाच बेकायदा खोली विकायची, हा दुटप्पी धंदा बंद करा.

दुसरा आक्षेप असा, की आम्ही विकासाच्या आड येतो. आम्हाला घरे नकोत असे कोण म्हणाले? सर्वात जास्त गरज आम्हालाच आहे. रेल्वेच्या आणि पोस्टाच्या कॉलन्यांची काय दशा आहे ते सर्वांना ठाऊक आहे. छत गळते, प्लास्टर पडते, क्वार्टर राहण्यास अयोग्य म्हणून शेरा मारतात आणि नवीन बांधत नाहीत. रेल्वेची जमीन व्यापारी कामाला लावण्यासाठी मात्र २००५ च्या कायदा दुरुस्तीने रेल भूमी विकास प्राधिकरण उभे केले. जमीन आहे, पण ती कामगाराच्या क्वार्टरसाठी नाही. म्हणून आमचा माणूस पन्नास-साठ किलोमीटर लांब खोली घेतो आणि पहाटेच्या ड्युटीसाठी रात्रीच्या शेवटच्या गाडीने येऊन रेस्ट रूमच्या बाकावर झोपतो. आम्हाला घरे हवीत. पाण्यासह, रस्त्यासह आणि ओसीसह हवीत.

आता विचारायला माणसे आहेत

१९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली. नगर नियोजन हा विषय लोकांनी निवडलेल्या पालिकेकडे द्यावा असे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर लिहिले आहे. प्रत्यक्षात काय घडले? वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांची मुदत २०२० साली संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासक राज्य चालले. लाखो लोकांच्या शहरात एकही नगरसेवक नाही, सभा नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. आयुक्ताचा प्रस्ताव आणि आयुक्ताचीच मंजुरी. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकांचे मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली.

नगरसेवक आले म्हणजे रामराज्य आले असे मी म्हणत नाही. त्यांच्यातही बांधकामाचा धंदा करणारे काही थोडेथोडके नाहीत. पण फरक एवढाच, की आता दारात जाऊन विचारता येईल असा माणूस आहे. विचारायला मात्र आपण गेले पाहिजे.

आणि विचारल्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी २०१५ साल आठवावे. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळाच्या विकास आराखड्याचा मसुदा त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर झाला. कुठे लोकांच्या राहत्या घरांवरून रस्ते गेले होते, कुठे उभ्या असलेल्या वास्तूच नकाशातून गळल्या होत्या. मच्छीमार, झोपडीवासी, चर्चची मंडळी, पर्यावरणवाले, सोसायट्या असे सगळे उठले. हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला लावावा लागला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. तोही काही आदर्श नाही. पण साध्या कागदावर लिहिलेल्या हरकतींनी देशातली सर्वात श्रीमंत महापालिका मागे हटली, हे लक्षात ठेवा.

आपण काय करायचे?

कार्यकर्त्यांनी नुसते वाचून मासिक बाजूला ठेवू नये म्हणून कामाची यादी देतो.

एक. प्रत्येक शाखेने आपल्या शहराच्या विकास आराखड्याची प्रत मिळवावी. तो सार्वजनिक कागद आहे. नकाशा युनियन ऑफिसच्या भिंतीवर लावावा. आपल्या सभासदांच्या वस्तीत शाळा, दवाखाना, मैदान यांची आरक्षणे कुठे आहेत आणि तिथे आज काय उभे आहे, हे चालत जाऊन बघावे. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि पुढे मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षणच गळून पडते. पालिका झोपते, की झोपेचे सोंग घेते, यावर आपली नजर पाहिजे.

दोन. आराखड्यातल्या बदलाची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. कलम २६ म्हणजे नवा आराखडा. कलम ३७ म्हणजे चालू आराखड्यातला फेरबदल. हरकती व सूचनांसाठी मुदत दिलेली असते. लहान टाइपातली ती जाहिरात वाचणारा एक माणूस प्रत्येक शाखेने नेमावा. हरकत साध्या मराठीत लिहावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला जावे. टपालाने पाठवली तर पोचपावती जपावी. हे काही पोस्टातल्या भावांना सांगायला नको.

तीन. सभासदाने घर घेताना एकट्याने निर्णय घेऊ नये. घरबांधणी अग्रीम ३४ महिन्यांच्या मूळ पगाराइतका किंवा कमाल २५ लाखांपर्यंत मिळतो. ती रक्कम आयुष्यभराची कमाई आहे. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभाचा दाखला, भोगवटा दाखला म्हणजे ओसी आणि जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हे कागद बिल्डरच्या फाइलीत बघून समाधान मानू नका. महापालिकेत जाऊन मूळ नोंद तपासा. दाद देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कलमे समजत नसतील तर युनियन ऑफिसात या.

चार. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी देशभरासाठी स्पष्ट आदेश दिले आहेत. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावायचा. पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला असल्याशिवाय वीज, पाणी, गटार जोडणी नाही आणि बँकेने कर्ज देतानाही तो दाखला तपासायचा. बेकायदा बांधकामाला आधार देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायची. हा आदेश छापून आपल्या वॉर्ड ऑफिसात द्या आणि विचारा, 'याचे काय केले?' इटारसी असो, हुबळी असो, हा आदेश सगळीकडे लागू आहे.

पाच. फेडरेशनने ही मागणी वरच्या पातळीवर घ्यावी. मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी देण्याआधी पाणी, मलनिःसारण आणि रेल्वेची वहनक्षमता यांचा लेखी दाखला सक्तीचा करा. रेल्वे हद्दीलगतच्या आणि उपनगरीय पट्ट्यातल्या आराखड्यावर रेल्वे प्रशासनाने आपली हरकत नोंदवावी आणि ती लोकांना वाचायला मिळावी. राहत्या लोकांची पर्यायी सोय केल्याशिवाय पाडकाम करू नये आणि त्या सोयीचा खर्च बिल्डर व दोषी अधिकारी यांच्या मालमत्तेतून वसूल करावा. कलम ५२ खाली बेकायदा बांधकामाला एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. तिच्याखाली किती जणांना प्रत्यक्ष शिक्षा झाली, त्याचे आकडे प्रत्येक पालिकेने दरवर्षी जाहीर करावेत.

सहा. रेल्वे आणि पोस्टाच्या रिकाम्या जमिनीवर पहिला हक्क कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरचा, हा ठराव प्रत्येक शाखेने करून पाठवावा.

बंधु-भगिनींनो, स्टेशन मास्तर लाल बावटा दाखवतो तेव्हा त्याला गाडीचा राग नसतो. पुढच्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून तो हात वर करतो. नगररचना विभागाला लाल बावटा दाखवायची सवय राहिलेली नाही. मग तो आपल्याला हाती घ्यावा लागेल. पुढच्या महिन्याच्या शाखा सभेत पगाराच्या मुद्द्याखाली हा मुद्दा विषयपत्रिकेवर घ्या आणि काय ठरले ते मासिकाला कळवा.

हक्काचे घर, कायदेशीर घर, मिळालेच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!